एकसष्टावी ओळ

कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून मी फॉर्मचा शेवटचा रकाना भरत होते, तेवढ्यात कोणीतरी माझ्या कोपराला हात लावला. अगदी हलका. झोपलेल्या माणसाला उठवावं की नको अशा विचारात असताना लावतात तसा. वळून पाहिलं तर एक वयस्क बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेले. तिने आधी माझ्या हातातल्या क्लिपबोर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मॅडम, आत काय झालं?" मी तेव्हा २१ वर्षांची होते. मला मॅडम म्हणणारी ती पहिलीच. क्लिपबोर्ड असलेला माणूस कोर्टाचाच असणार, एवढा तिचा हिशेब होता.

तिच्या मुलाचं प्रकरण दोनच मिनिटांपूर्वी संपलं होतं. तिचाच मुलगा हे मला कळलं होतं, कारण त्याला आत आणलं तेव्हा तो मान वळवून मागच्या बाकाकडे बघत राहिला आणि ही अर्धवट उठून उभी राहिली होती. पुकारा झाल्यापासून पुढचा पुकारा होईपर्यंत ३ मिनिटं ४० सेकंद. मी स्टॉपवॉच लावलं होतं. तेवढ्या वेळात सरकारी वकील बोलले, बचावाचे वकील दोन वाक्यं बोलले, न्यायाधीश बोलले. सगळं त्या खोलीतल्या रोजच्या भाषेत, निम्मी वाक्यं कलमांच्या आकड्यांत, नजर कागदावर. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत होता, अर्थ पोचत नव्हता. माझ्या फॉर्मवर मात्र सगळं होतं. ओळ ६१. निर्णय: २, म्हणजे जामीन नामंजूर. वकील हजर: १. आरोपी बोलला का: ०. पुढची तारीख दिली का: १. तारीख कोणती, याला रकानाच नव्हता, पण मी ती समासात पेन्सिलने टिपून ठेवली होती.

म्हणजे तिला हवं होतं ते सगळं माझ्या हातात होतं, माझ्याच अक्षरात. आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही."

कोर्टात बसून जामिनाच्या सुनावण्या नोंदवायच्या, हा आमच्या अभ्यासाचा भाग होता. त्या निरीक्षणाच्या नियमावलीत चौथा नियम होता: पक्षकार, त्यांचे नातेवाईक आणि वकील यांच्याशी प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. नियम चुकीचा नाही. निरीक्षक बोलायला लागला की खोलीतली माणसं त्याच्याकडे बघून वागायला लागतात, आणि मग आपण मोजलं ते कोर्ट की कोर्टावर पडलेली आपलीच सावली, हे सांगता येत नाही. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळवले होते. पण नियम आठवला म्हणून मी तसं म्हणाले, असं आज सांगितलं तर ते खरं होणार नाही. माझा जीव घड्याळात अडकला होता. ६२ नंबरचा पुकारा झाला होता, दार लोटून मला आत जायचं होतं, कोर्ट उठायच्या आत ८० प्रकरणं पुरी करायची होती. सहाला सेमिनार, आणि रात्री बाराच्या ठोक्याला सांख्यिकीचा स्वाध्याय जमा करायचा होता. "मला माहीत नाही" हे सगळ्यात लवकर संपणारं वाक्य होतं.

त्या वर्षी माझं सगळंच लवकर संपत होतं.

क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, आणि फौजदारी न्याय या विषयातलं अ‍ॅक्सिलरेटेड मास्टर्स. आम्ही त्याला नुसतं 'चार अधिक एक' म्हणायचो. पदवीच्या तिसऱ्या वर्षी अर्ज करायचा, गुणांची सरासरी दाखवायची, आणि निवड झाली की चौथ्या वर्षापासूनच पदव्युत्तर वर्गांना बसायचं. त्यातली ९ ते १२ क्रेडिट्स दोन्ही पदव्यांना लागू होतात, म्हणून उरलेलं मास्टर्स एका वर्षात उरकतं. सहा वर्षांचं काम पाच वर्षांत. सरासरी ठरलेल्या रेषेखाली घसरली तर मात्र गाडीतून उतरावं लागतं आणि दोन्हीकडे धरलेली क्रेडिट्स एकाच बाजूला राहतात. मी हा रस्ता घेतला त्यात पैशांचा हिशेब होताच. एका वर्षाची फी वाचणार होती, आणि कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात सुरू होणार हे माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. पण मला घाई आवडायचीही. आपण इतरांच्या आधी पोचतोय ही भावना अंगात भिनते. दिवसाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात एक काम बसवलं, ते बसलं, की रात्री अंथरुणाला पाठ टेकताना फार समाधान वाटायचं. तो आनंद मी आज नाकारणार नाही.

सकाळी मी पदवीच्या मोठ्या वर्गात बसायचे. दीडशे मुलं, चार पर्यायांतून एक निवडा. संध्याकाळी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका लांब टेबलाभोवती अकरा जण, आणि दर आठवड्याला वाचायला दोन-अडीचशे पानं. त्या अकरांत मी सगळ्यात लहान. माझ्या डावीकडे एक प्रोबेशन अधिकारी बसायचे, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे. दिवसभराची नोकरी करून यायचे, फोन टेबलावर पालथा ठेवायचे, आणि तो थरथरला की बोलणं अर्ध्यावर टाकून बाहेर जायचे. आम्ही 'पुनर्गुन्हेगारीचा दर' म्हणायचो तेव्हा ते एखाद्याचं नुसतं पहिलं नाव घ्यायचे आणि म्हणायचे, "त्याचं दोनदा झालं, तिसऱ्यांदा नाही झालं. का, ते मला अजून कळलेलं नाही." समोर एक बाई होत्या. पीडितांबरोबर कोर्टात जायचं, त्यांच्या शेजारी बसायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या वहीत टिपणं फार कमी असायची. आधी वाटायचं, यांचं लक्ष नाही. पुढे कळलं, त्या वाचून आलेल्या असायच्या आणि आम्ही बोलताना आमच्या तोंडाकडे बघत असायच्या.

या विषयाची सुरुवात बहुतेक ठिकाणी चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंतापासून करतात. १७६४ साली त्याने गुन्हा आणि शिक्षेवरचा आपला छोटा ग्रंथ नाव न छापता प्रसिद्ध केला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती खात्रीने आणि किती लवकर होते हे महत्त्वाचं, हा त्याचा मुद्दा पहिल्या वर्षापासून आमच्या तोंडी असतो. खात्री, तत्परता, कठोरता. मी तत्परतेचा अर्थ नेहमी एकच घेतला होता: शिक्षा लवकर झाली की गुन्ह्याशी तिची गाठ मनात पक्की बसते. सेमिनारसाठी मूळ प्रकरण वाचलं तेव्हा दिसलं की त्याने आणखी एक कारण दिलंय, आणि तेही आधी. लवकर निकाल लावण्यात न्याय आहे, कारण त्यामुळे आरोपीला अनिश्चिततेची निरर्थक यातना सोसावी लागत नाही. ते वाचलं त्या रात्री मला कापडी पिशवीचे बंद दिसले. साडेतीन मिनिटांत उरकलेलं प्रकरण घड्याळाच्या दृष्टीने तत्पर खरं. पण व्हरांड्यातल्या बाकावर अनिश्चितता होती तशीच बसून होती. काय झालं हे कळलंच नाही, तर झालेलं लवकर झालं की उशिरा, याने तिला काय फरक पडणार होता?

कोर्टातल्या निरीक्षणाचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. एकच प्रकरण दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायचं, मग दोघांच्या नोंदी किती जुळतात ते मोजायचं. त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली दिलेलं एक माप वापरतात, ग्रीक अक्षरावरून त्याचं नाव कप्पा. योगायोगाने जुळलेल्या नोंदी वजा करून खरंच किती जुळलं हे ते सांगतं. मराठीत कप्पा म्हटलं की डोळ्यांसमोर कपाट येतं, आणि मला ते नाव त्यामुळेच नेमकं वाटत आलंय. दिवसभर आम्ही हेच तर करत होतो: माणसं येत होती आणि आम्ही त्यांना कप्प्यांत ठेवत होतो. त्या दिवशीच्या नोंदी जुळवायला आम्ही दुसऱ्या सकाळी ग्रंथालयात बसलो. तो वाचायचा, मी खूण करायचे. "एकसष्ट. निर्णय दोन. वकील एक. बोलला शून्य. तारीख एक." एकूण एक रकाना जुळला. तो पुढच्या ओळीवर गेला. आमच्यात रतीभर मतभेद नव्हता, आणि त्या ओळीत ती बाई कुठेच नव्हती. फॉर्मवर शेवटी 'टीप' असा एक मोकळा चौकोन होता. दोघांनीही त्यात आडवी रेघ मारली होती.

संशोधनपद्धतीचा आमचा पेपर आठ आठवड्यांत बसवलेला होता. त्यात एका संध्याकाळी केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास आला. मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून मदत करून पाहण्याचा हा प्रयोग. बोस्टनजवळच्या या दोन गावांतली ५०६ मुलं, एकमेकांशी साम्य असलेल्यांच्या जोड्या, आणि जोडीतल्या कोणाला मदत मिळणार हे नाणं उडवून ठरवलेलं. १९३९ ते १९४५ या काळात मदतगटातल्या मुलांकडे समुपदेशक जात होते. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं, घरच्यांशी बोलणं. मनापासून केलेलं काम. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी ती मुलं, म्हणजे एव्हाना मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. एकदा गुन्हा केलेल्यांनी पुन्हा करण्याचं प्रमाण जास्त, दारूच्या व्यसनाच्या खुणा जास्त, मृत्यू लवकर. आणि त्याच पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश म्हणत होते की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. हे आम्ही ४० मिनिटांत संपवलं. फळ्यावर 'अनपेक्षित हानी' असं लिहिलं गेलं, मी खाली दोन रेघा ओढल्या, आणि आम्ही पुढच्या अभ्यासाकडे वळलो. मला आठवतंय, समोरच्या बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि त्या वर्ग संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

त्या अभ्यासातला एक धागा पुढे सापडला. एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिरांना गेलेल्या मुलांमध्ये नुकसान ठळक दिसत होतं. बिघडण्याच्या उंबरठ्यावरची मुलं एकत्र आली, एकमेकांसमोर मिरवायला शिकली, असा त्याचा अर्थ लावला जातो. ते विश्लेषण १९९९ मध्ये आलं. शिबिरांनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने. मुलांना शिबिराला घेऊन जाणाऱ्या समुपदेशकाचा मी खूप विचार केला. त्याने आपल्या रोजनिशीत काय लिहिलं असेल? मुलं खूश होती, असंच ना?

आणि मग ती तळघरातली खोकी. ती गोष्ट मी अजूनही भेटेल त्याला सांगते. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या नवरा-बायकोने बोस्टनमधल्या ५०० गुन्हेगार ठरलेल्या आणि ५०० तशा न ठरलेल्या मुलांची वर्षानुवर्षं माहिती गोळा केली. घरं पाहिली, शिक्षकांशी बोलले, शेजाऱ्यांशी बोलले. १९५० साली त्यांचं पुस्तक आलं, गाजलं, त्यावर टीका झाली, आणि कागद हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तळघरात जाऊन पडले. १९८० च्या दशकात जॉन लॉब या संशोधकाला ती खोकी सापडली. लॉब आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट सॅम्पसन पुन्हा पहिल्यापासून त्या कागदांना भिडले. पुढे त्यांनी त्या मुलांपैकी काही जणांना, ते सत्तरीला पोचलेले असताना, गाठून मुलाखती घेतल्या. लहानपणावरून कोणाचं काय होणार हे ठरत नाही, असं त्यांना दिसलं. कोणाला टिकाऊ नोकरी लागली, कोणाचं लग्न झालं आणि घर धरलं गेलं, कोणी सैन्यात गेला, आणि वळण लागलं. आज ना उद्या जवळपास सगळेच गुन्ह्यापासून दूर झाले, फक्त कोण कधी, हे आधी सांगता येत नव्हतं.

प्रोबेशन अधिकारी त्या दिवशी लवकर गेले नाहीत. फोन दोनदा थरथरला, त्यांनी तो उलटून पाहिला आणि खिशात टाकला. "म्हणजे वाट बघायची," ते म्हणाले. प्रश्नासारखं नव्हे, स्वतःशीच.

मी माझ्या वहीकडे बघत होते. पानाच्या कोपऱ्यात मी त्या दिवशीचे तास लिहिलेले होते, दोन ते अडीच, अडीच ते सव्वातीन. ज्या विषयातलं शहाणपण तीस वर्षांनी, पन्नास वर्षांनी, तळघरातून वर येतं, तो विषय मी तासांच्या तुकड्यांत गिळत होते. पचत होता की नाही, हे बघायलाही तुकडा शिल्लक नव्हता. पण थांबून नीट शिकायचं ठरवलं तरी कर्जाचा हप्ता थांबणार नव्हता, हेही तितकंच खरं. सावकाश शिकावं हे म्हणायला सोपं आहे. ज्याला एक वर्ष जास्त परवडतं, त्याला ते आणखी सोपं जातं. माझ्या वर्गातल्या ज्यांनी 'चार अधिक एक' घेतलं होतं, त्यांतलं एकही मूल निवांत घरातलं नव्हतं.

घाईची किंमत या विषयाने स्वतःही मोजलेली आहे. १९८१-८२ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात एक प्रयोग झाला. घरगुती मारहाणीच्या ३१४ प्रकरणांत पोलिसांनी काय करायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलेलं: अटक, किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर काढणं, किंवा समजावणं. सहा महिने मागोवा घेतला, तेव्हा अटक झालेल्यांकडून पुन्हा मारहाण कमी दिसली. निष्कर्ष वर्तमानपत्रांतून झपाट्याने पसरले आणि अनेक पोलिस दलांनी धोरणं बदलली. मग इतर शहरांत तोच प्रयोग पुन्हा झाला आणि उत्तरांना फाटे फुटत गेले. काही ठिकाणी बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर मारहाण वाढलेली दिसली. एका शहराचं सत्य दुसऱ्या शहरात टिकलं नाही, आणि मधल्या काळात घराघरांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझा या संशोधकांवर राग नाही. समोर बाई मार खात असताना आणखी दहा वर्षं थांबा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? फक्त त्या पुन्हा केलेल्या प्रयोगांपैकी मिलवॉकीच्या नोंदी १९९७ मध्ये रेमंड पॅटर्नोस्टर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या नजरेने पाहिल्या, ते वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. अटक झाली की नाही याबरोबर, आपल्याशी नीट वागलं गेलं, आपलं ऐकून घेतलं गेलं असं त्या माणसाला वाटलं का, हे त्यांनी पाहिलं. ज्यांना तसं वाटलं होतं, त्यांच्याकडून पुढे मारहाण कमी झाली. अटक होऊनसुद्धा.

याच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचं काम आहे. १९८४ मध्ये शिकागोतल्या १५७५ लोकांशी फोनवर बोलून, आणि त्यातल्या ८०४ जणांशी वर्षभराने पुन्हा बोलून, त्यांनी मांडलं की माणूस कायदा मानतो तो शिक्षेच्या धाकाने जितका, त्यापेक्षा ही व्यवस्था न्याय्यपणे वागते या भावनेने जास्त. निकाल विरोधात गेला तरी चालतो. आपल्याला बोलू दिलं, काय चाललंय ते सांगितलं, माणूस म्हणून वागवलं, हे हवं असतं. १५७५ माणसं एकीकडे, आणि माझ्यापुढे एक प्रश्न, तीन शब्दांचा.

त्या आठवड्यात मी सेमिनारमध्ये व्हरांड्यातला प्रसंग सांगितला. सांगताना आवाज मुद्दाम कोरडा ठेवला, पद्धतीचा प्रश्न म्हणून. अशा वेळी निरीक्षकाने काय करावं? प्रोबेशन अधिकारी म्हणाले, "कोर्ट खुलं असतं. आत बोललं गेलं ते कोणीही ऐकू शकतं, मग कोणीही सांगू शकतं. तू कोणाचं गुपित राखलंस?" मला उत्तर देता आलं नाही. समोरच्या बाई बऱ्याच वेळाने बोलल्या. "माझी निम्मी नोकरी तीच आहे. बाहेर येऊन सांगायचं की आता काय झालं, आता काय होणार, पुन्हा कधी यायचं. पीडितांना निदान मी असते. आरोपीच्या आईला कोण असतं?" टेबलावर थोडा वेळ शांतता होती. ट्यूबलाइटचा बारीक आवाज ऐकू येत होता.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगितली नाही, आणि पुढे कित्येक महिने कोणालाच नाही.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मी बाहेर आले तेव्हा ती बाई त्याच बाकावर होती. वकील केव्हाच निघून गेले होते. दारं लावणाऱ्या शिपायाला तिने तेच विचारलं, "आत काय झालं?" तो म्हणाला, "कोर्ट उठलं बाई, उद्या या." शब्द तुटक होते, पण तो वाईट वागला नाही. त्याला माहीत नव्हतं, एवढंच. ती उठली, पिशवीचे बंद सोडून पुन्हा मनगटाला गुंडाळले आणि जिन्याकडे निघाली. माझ्या क्लिपबोर्डवर समासात तारीख होती. ६१ नंबर, २२ दिवसांनंतरची. आता नंबर पुकारायचे राहिले नव्हते, ८० प्रकरणं पुरी झाली होती, निरीक्षण संपलं होतं, नियम लागूच नव्हता. आणि मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या जिन्याने उतरले. एकदा माहीत नाही म्हटल्यावर आता माहीत आहे कसं म्हणायचं, या लाजेपोटी. ती उद्या पुन्हा आली असेल का, मुलाची तारीख नसलेल्या दिवशी?

प्रबंध न करता सर्वंकष परीक्षा देऊन मास्टर्स पुरं करण्याची सोय आमच्याकडे होती, आणि 'चार अधिक एक'वाले बहुतेक तीच घेतात. माझाही अर्ज भरून तयार होता. तो मी मागे घेतला. मार्गदर्शक सरांसमोर बसून म्हणाले की मला जामिनाच्या सुनावण्यांचाच प्रबंध करायचाय, पण प्रश्न बदलून. सुनावणी संपल्यावर आरोपीच्या घरच्यांना काय झालं ते कोण सांगतं? सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्या वेळापत्रकाकडे. "हे तुझ्या मुदतीत बसणार नाही," ते म्हणाले. मग त्यांनीच कागद ओढून नवा रकाना आखला. सुनावणीनंतर माहिती कोणी दिली: ० कोणी नाही, १ वकील, २ कोर्टाचे कर्मचारी, ३ इतर, ४ निरीक्षक. चारवर मी बोट ठेवलं. ते म्हणाले, "तू बोलणार असशील तर ते नोंदीत दिसलं पाहिजे. नियम त्यासाठीच असतो."

नीतिमत्ता समितीकडे नियमावलीतला बदल पाठवावा लागला. एकच परिच्छेद: त्या प्रकरणाच्या सगळ्या नोंदी पुऱ्या झाल्यावर कोणी विचारलं, तर खुल्या न्यायालयात जाहीरपणे बोललं गेलं तेवढंच निरीक्षक सांगेल, कायदेशीर सल्ला देणार नाही, सांगितल्याची नोंद करेल. तो दोनदा परत आला. 'तेवढंच' म्हणजे नेमकं किती, असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न योग्य होता. त्यात सहा आठवडे गेले. मी काम करायला घेतलं तेव्हा माझ्या बरोबरीचे परीक्षा देऊन मोकळे होत होते. माझं मास्टर्स तीन महिने पुढे गेलं, हप्ता ठरल्या महिन्यात सुरू झाला, आणि ते तीन महिने मी रात्रीची एक नोकरी केली. त्याचा थकवा अजून आठवतो, डोळ्यांच्या मागे कोणी वाळू भरल्यासारखा.

दुसऱ्या फेरीत मी सावकाश बसायला शिकले असं नाही. स्टॉपवॉच तेच होतं, प्रकरणं तितकीच. पण मी बाक बदलला. आधी पुढे बसायचे, ऐकू नीट यावं म्हणून. आता मागच्या बाकावर, घरच्यांमध्ये. तिथून वेगळंच कोर्ट दिसतं. सगळे पाठमोरे. न्यायाधीशांचं तोंड वकिलाच्या खांद्याआड. आरोपी आत येतो तेव्हा बाकावरचे सगळे हात एकदम काहीतरी घट्ट धरतात, पिशवी, पाकीट, शेजारच्याचा दंड. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, समजत असल्यासारखी. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सोडणार म्हणाले ना?" मी फॉर्म पुरा केला, सही केली, मग त्यांच्याजवळ गेले. सोडणार नाही म्हणाले, असं सांगितलं. पुढची तारीख सांगितली. त्यांच्याकडे कागद नव्हता, म्हणून माझ्या वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहून दिली. त्यांचा चेहरा पडला. माझ्याशी पुढे एक शब्द बोलले नाहीत. पण तो कागद त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हाताने चाचपून पाहिला. मी चारचा आकडा लिहिला.

सगळं संपल्यावर दोन्ही फेऱ्यांच्या फाइली एकत्र केल्या. पहिल्या फेरीच्या नोंदी विश्लेषणात घ्यायच्या नव्हत्या, ती चाचणी होती, नुसत्या जपून ठेवायच्या होत्या. नवा रकाना तेव्हा नव्हता, म्हणून त्या सगळ्या ओळींत ९९ भरला होता. आमच्या संकेतसूचीत ९९ म्हणजे 'माहीत नाही'. पडद्यावर वरपासून खालपर्यंत ९९, ९९, ९९. मी ६१ पर्यंत खाली गेले. बाकीच्या ओळींबद्दल मला खरंच माहीत नाही. मी तो ९९ खोडला, तिथे ० लिहिला, आणि 'टीप'च्या चौकोनात समासातली ती तारीख.